सक्ती आणि अडवणूक



कार्यवाहांनी मला विषय दिला होता तो ‘साथीच्या काळात लस सक्तीची असावी की नसावी?’ असा. या प्रश्नावर दोन बाजूंना दोन वक्ते उभे करावेत आणि टाळ्या मोजाव्यात, हे महाविद्यालयाच्या वादसभेत शोभते. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी काढलेला माणूस. माझ्यासमोर ज्यांना टोचले त्या मुलांना आता मुले झाली आहेत. मला ‘असावी’ असेही सरसकट म्हणता येत नाही आणि ‘नसावी’ असेही. म्हणून शीर्षक थोडे बदलून मागितले. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते वर्गात एकेका शब्दापाशी तासभर थांबत, असे ऐकतो. आज आपणही दोन शब्दांपाशी थांबू.

एखाद्याकडून काही करवून घ्यायचे तर मराठीत त्याच्या पायऱ्या आहेत. समजावणे, आग्रह करणे, गळ घालणे, भीड घालणे, दटावणे. मग अडवणूक. मग सक्ती. आणि सगळ्यात वर जबरदस्ती, म्हणजे हात धरून. पंगतीत जिलबी वाढणाऱ्यापासून वसुलीला आलेल्या माणसापर्यंत सर्वांना या पायऱ्या पाठ असतात. लसीबद्दल आपण भांडतो ते सक्तीच्या पायरीवर. सरकार बहुतेक वेळा एक पायरी खाली, अडवणुकीवर उभे असते. त्याचे कारण सोपे आहे. सक्तीला कायदा लागतो, सभागृहात चर्चा लागते, दंड किती आणि सूट कोणाला हे लिहावे लागते. अडवणुकीला एक परिपत्रक पुरते.

माझ्या आजीच्या दंडावर देवीचे वण होते, नाण्याएवढे. ‘देवी काढणारा’ गावात आला की तिची आई तिला रिकाम्या कणगीत बसवून वर गोणपाट टाकायची. एका वर्षी तिला कणगीत शिंक आली, आणि वण उठले. ही गोष्ट ती हसत सांगे. रोगाचे नाव देवी, आणि लस टोचण्यालाही ‘देवी काढणे’, अशी आपली भाषा. मूळ ‘लस’ हा शब्दसुद्धा फोडातून येणाऱ्या पाण्याचा. कणगीमागे निव्वळ अडाणीपणा होता असे मी बरीच वर्षे समजत होतो. पुढे टोचण्याच्या जुन्या पद्धतीबद्दल वाचले तेव्हा त्या बायांविषयीचे माझे मत बदलले.

हिंदुस्थानात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आली होती. तेव्हा बाटली नव्हती, शीतपेटी नव्हती. लस एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर जायची. टोचलेल्या मुलाला आठव्या दिवशी पुन्हा आणायचे, त्याचा भरलेला फोड उघडायचा आणि त्यातली लस पुढच्या मुलाला लावायची. म्हणजे आईला दोन गोष्टी मान्य कराव्या लागत: कोणा परक्याच्या, बहुधा परजातीच्या मुलाच्या अंगातले पाणी आपल्या लेकरात घालू देणे, आणि आठवड्याने आपल्या लेकराचा दुखरा फोड परक्यासाठी फोडू देणे. जातीचा विटाळ मानणे वाईटच. पण तापाने फणफणलेल्या पोराचा फोड उघडू न देणारी आई मला परकी वाटत नाही. १८७७ साली मुंबई शहरासाठी देवीच्या लसीच्या सक्तीचा कायदा झाला. १८८० साली नगरपालिका आणि छावण्यांना लागू करता येईल असा हिंदुस्थानभराचा कायदा आला. ही सक्ती होती, आणि कागदावर, उघड होती. देवीपुरता मी त्या सक्तीच्या बाजूचा आहे. त्या रोगाचा जहाल प्रकार धरलेल्या दहांतल्या तिघांना घेऊन जायचा, वाचलेल्यांपैकी कित्येकांचे डोळे न्यायचा, आणि लस घेतलेला माणूस शेजाऱ्याला रोग देत नसे. माझ्या न घेण्याने शेजाऱ्याचे मूल मरणार असेल तर माझा दंड हा माझा खासगी मामला उरत नाही.

आता प्लेगकडे येतो, कारण आपली खरी शाळा तिथे झाली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीचा ताप ओळखला. पुढच्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला, जो आपण २०२० च्या मार्चमध्ये पुन्हा बाहेर काढला. पुण्यात रँडसाहेबांची प्लेग कमिटी आली, गोरे सोजीर घरात शिरले, देवघरापर्यंत गेले. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. हे सगळे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण एक गफलत सर्रास होते. मला एका शिक्षकाने विचारले होते, ‘रँड लस टोचायची सक्ती करत होता म्हणूनच ना?’ नाही. रँडच्या मोहिमेत झडत्या होत्या, विलगीकरणाच्या छावण्या होत्या, सामान जाळणे होते. लस त्या वेळी नुकती जन्माला येत होती, मुंबईत.

ती जन्माला घालणारा वाल्डेमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू. कोलकात्याहून तो मुंबईत आला तेव्हा त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि बाहेरची पडवी मिळाली. काचेच्या चंबूत मांसाचा काढा, त्यावर तुपाचे थेंब. त्या तुपाखाली प्लेगचे जंतू झुंबरासारखे लोंबत वाढत. तूप असे कामी आलेले पाहून मला अजूनही गंमत वाटते. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना. तुरुंगातला माणूस ‘तयार’ होतो म्हणजे काय होते, हा प्रश्न मला पडतो, पण तो आज बाजूला ठेवतो. तरुण आगाखानांनी हाफकिनला काम करायला जागा दिली आणि आपल्या अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले. १८९८ साली एकट्या हुबळीत तीस हजारांहून अधिक लोकांना ती टोचली गेली.

ही लस सरकारने सक्तीची केली नाही. शहाणपण होते, की रँडच्या खुनाची आणि मार्च १८९८ मधल्या मुंबईच्या दंग्याची धास्ती होती, याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. माझे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे जाते. टोचून घेणाऱ्याला एक दाखला मिळे, आणि अनेक ठिकाणी दाखला असलेल्याला छावणीत जाण्यातून सूट असे. छावणी म्हणजे पत्र्याचे किंवा चटयांचे खोपट, घर बंद, दुकान बंद, कोंबड्या-शेरडे वाऱ्यावर. लस ऐच्छिक होती. न घेतल्यास छावणी होती.

ही झाली अडवणूक. आणि तिचा एक ठरलेला गुण असा की ती सर्वांना सारखी लागत नाही. ज्याचे माळ्यामाळ्यांचे घर, ज्याला महाबळेश्वरी जाऊन राहता येते, त्याला छावणीचा बागुलबुवा कशाला? अडवणूक लागते ती ज्याला त्याच दारातून जावे लागते त्याला.

आता एकदम १२४ वर्षे पुढे येऊ. १६ जानेवारी २०२१ रोजी आपल्याकडे करोनाची लस सुरू झाली. मी स्वतः तीन डोस घेतले आहेत, आणि पहाटे साडेसहाला उपकेंद्राबाहेर चपला ओळीत लावून बसलेली माणसे पाहिली आहेत. त्या लसीने मृत्यू थोपवले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. लसीच्या विरोधकांनी आजचे माझे भाषण खिशात घालून नेऊ नये. त्यातले काही आमच्या आशाताईंच्या अंगावर धावून गेले होते, हे मी विसरलेलो नाही.

पण पुढचा हिशेब माझ्याबरोबर करा. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ या वयाला लस खुली झाली. साठाच नव्हता, म्हणून बाराच दिवसांत महाराष्ट्राने या वयाचे लसीकरण थांबवले. २१ जूनपासून केंद्राने खरेदी आपल्याकडे घेतली आणि गाडी रुळावर आली. कोविशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचे अंतर ठेवायचे होते. म्हणजे अगदी २१ जूनला पहिला डोस मिळालेल्या तिशीतल्या माणसाचा दुसरा डोस १३ सप्टेंबरला. आणि मुंबईची लोकल उघडली १५ ऑगस्टला, दोन्ही डोस होऊन चौदा दिवस उलटलेल्यांसाठी. हा माणूस गाडीत पाय ठेवू शकत होता लवकरात लवकर २७ सप्टेंबरला. त्याने लस नाकारली नव्हती. सरकारने सांगितले त्याच दिवशी तो रांगेत होता. तरी दार बंद. घरून काम करणाऱ्याला हे दार कधी लागलेच नाही. वांगणीहून दादरला धुणीभांडी करायला जाणाऱ्या बाईला लागले. ती अत्यावश्यक सेवेत मोडत नव्हती. ज्यांच्या घरची भांडी ती घासत होती त्यांना कदाचित वेगळे वाटत असेल.

नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात आदेश निघाला: किमान एक डोस नसेल तर रेशन, गॅस, पेट्रोल नाही. त्या सुमारास मी दुसऱ्या जिल्ह्यात होतो, तिथे आदेश नव्हता, पण बातमी होती, आणि बातमी पुरेशी होती. रेशनच्या पिशव्या घेऊनच बाया केंद्रावर येऊ लागल्या. एकीने दंड पुढे करताना विचारले, ‘किती किलो मिळतील?’ नर्सबाई हसल्या. मीही हसलो. संध्याकाळी तक्ता भरताना लक्षात आले की त्या दिवशी आमची संख्या महिन्यातली सर्वांत मोठी होती. वरून शाबासकीही आली. म्हणजे अडवणुकीचा उपयोग होतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. आकडे वाढतात. विश्वास वाढला का, हे त्या तक्त्यात कळत नाही.

आता न्यायालयांकडे वळतो, थोडक्यात, कारण निकालपत्रे वाचायची मला सवय नाही आणि तुम्हाला ऐकायची नसावी. मेघालय उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्येच, दुकानदार-टॅक्सीवाल्यांना लसीशिवाय धंदा बंद म्हणणाऱ्या आदेशांवरून, बळजबरीचे लसीकरण मूलभूत हक्काच्या आड येते असे म्हटले. आपल्या उच्च न्यायालयाने २०२२ च्या सुरुवातीला लोकलच्या आदेशांच्या कार्यपद्धतीवर बोट ठेवले. आणि २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्या. नागेश्वर राव आणि न्या. गवई यांच्या पीठाने, दोन गोष्टी सांगितल्या. शरीराच्या अखंडतेचा हक्क राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमात आहे, कोणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही. आणि सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकते, पण ते प्रमाणात हवेत. लस न घेतलेला माणूस घेतलेल्यापेक्षा जास्त संसर्ग पसरवतो, असे दाखवणारी माहिती सरकारांनी पुढे ठेवलेली नाही, म्हणून त्या वेळचे निर्बंध प्रमाणाबाहेरचे. ओमायक्रॉनच्या जानेवारीत दोन-दोन डोस झालेली अख्खी घरे आडवी झालेली आपण पाहिली होती. मरण पुष्कळसे टळले, संसर्ग टळला नाही. देवीसाठी जो युक्तिवाद मी मघाशी केला, शेजाऱ्याच्या मुलाचा, तो इथे पातळ होतो. न घेण्याचा मुख्य तोटा न घेणाऱ्याचाच असेल तर त्याला समजवावे, गळ घालावी, त्याच्या बायकोकडून भीड घालावी. गाडीतून उतरवू नये.

परदेशातले दाखले यात फेकून मारले जातात. इंग्लंडातल्या लेस्टर शहरात १८८५ च्या मार्चमध्ये देवीच्या सक्तीविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. १८९८ साली तिथल्या कायद्याने मनापासून न पटणाऱ्या आईबापांना सूट दिली. लेस्टरने टोचण्याऐवजी रोगी लगेच कळवणे आणि वेगळे ठेवणे यावर भर दिला होता. गंमत अशी की पुढे आपल्याकडून देवी हद्दपार झाली ती रोगी हुडकून त्याच्याभोवती टोचण्याच्या पद्धतीने, म्हणजे अर्धी अक्कल त्या हट्टी लेस्टरची. अमेरिकेत १९०५ साली सर्वोच्च न्यायालयाने जेकबसन नावाच्या धर्मोपदेशकाचा पाच डॉलरचा दंड कायम केला. सक्तीचे समर्थक हा निकाल नेहमी सांगतात. १९२७ साली त्याच न्यायालयाने त्याच निकालाचा आधार घेऊन एका तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली, हे कमी वेळा सांगतात. आपण नाक मुरडू नये. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही, इतकेच. सक्तीचा एक दरवाजा चांगल्या कामासाठी उघडला की त्यातून नंतर कोण आत येईल, हे उघडणाऱ्याच्या हातात राहत नाही. ऑस्ट्रियाने मात्र करोनाच्या लसीसाठी रीतसर कायदा केला, ५ फेब्रुवारी २०२२ पासून. महिनाभराने स्थगित केला, जूनमध्ये गुंडाळला. अनेकांनी त्यांची टर उडवली. मला तो प्रकार आपल्यापेक्षा सरळ वाटतो. त्यांनी सक्ती केली, तिला सक्ती म्हटले, सभागृहात भांडले, चुकले असे वाटल्यावर मागे घेतली. आपल्याकडे सक्ती कोणी केलीच नाही, त्यामुळे मागेही कोणी घेतली नाही.

देवीच्या शेवटच्या मोहिमेतला एक प्रसंग अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स ब्रिलियंट यांनी लिहून ठेवला आहे. तेव्हाच्या दक्षिण बिहारात, हो आदिवासींच्या गावात, रात्री दार मोडून पथक आत शिरले. घरचा कर्ता पुरुष आणि त्याची बायको शेवटपर्यंत झगडली. दोघांना धरून टोचले. सगळे दमून थांबल्यावर तो माणूस परसात गेला, काकडी तोडून आणली आणि टोचणाऱ्यांना दिली. तुम्ही तुमचे कर्तव्य केले, मी माझे केले, आता तुम्ही माझ्या घरचे पाहुणे, असा त्याचा भाव. ही गोष्ट आरोग्य खात्याच्या प्रशिक्षणात सांगितली तर सगळे त्या माणसाच्या मोठेपणावर खूश होतात. दाराचे पुढे काय झाले, असे मी एकदा विचारले. कोणी बसवून दिले का? हशा पिकला. मी विनोद केला नव्हता.

कारण माझ्या मते सगळा वाद त्या दाराशी, मोडलेले कोण भरून देणार या प्रश्नाशी, येऊन थांबतो. १९०२ सालच्या ३० ऑक्टोबरला पंजाबातल्या मुलकोवाल गावात हाफकिनची प्लेगची लस १०७ लोकांना टोचली. त्यांतल्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. चौकशी झाली, परळच्या प्रयोगशाळेवर ठपका आला, हाफकिनला पदावरून दूर केले. दोष परळचा नव्हता, बाटली गावात उघडताना घाण शिरली, असे दाखवून रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या टाइम्समध्ये त्याची बाजू घेतली, आणि तो निर्दोष ठरला. पुढे १९२५ साली परळच्या संस्थेला त्याचे नाव दिले गेले. हे व्हायलाच हवे होते. पण मुलकोवालची गोष्ट आपण नेहमी हाफकिनवरच्या अन्यायाची म्हणून सांगतो. मीही तशीच सांगत आलो. एकोणीस घरांची गोष्ट म्हणून ती मला कोणी सांगितल्याचे आठवत नाही.

आता २०२२ च्या नोव्हेंबरात या. करोनाच्या लसीनंतर दोन मुली दगावल्याचा दावा करणारे पालक सर्वोच्च न्यायालयात गेले होते. केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्र दिले: लस घेण्याची कायदेशीर सक्ती नव्हती, ती ऐच्छिक होती, म्हणून भरपाईची जबाबदारी सरकारवर येत नाही, हवे तर दिवाणी न्यायालयात जा. कायद्याच्या भाषेत हे बरोबर असेल. मी मात्र ते वाचून उठून पाणी प्यायलो. दवंडीत, दुकानात, स्टेशनच्या दारात लस आवश्यक होती. न्यायालयाच्या दारात ती ऐच्छिक झाली. अडवणूक आणि सक्ती यांतला फरक सरकारला किती उपयोगी पडतो, ते इथे दिसले. ब्रिटनमध्ये १९७९ पासून आणि अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने लसीमुळे इजा झालेल्याला, कोणाची चूक न शोधता, पैसे देण्याची व्यवस्था आहे. अशी इजा फार विरळ असते, म्हणूनच ती परवडते. लाखोंच्या भल्यासाठी एकाचा दंड मागितला आणि त्या एकाचे बिघडले, तर बाकीच्या लाखोंनी त्याचे देणे द्यायचे, ही गोष्ट गावच्या वर्गणीतही कळते.

म्हणून मला ‘असावी की नसावी’ विचाराल तर मी उलट विचारीन: कायदा करून करणार आहात का? लस संसर्ग रोखते का? आणि बिघडले तर पैसे कोण देणार? तिन्हींची उत्तरे लेखी मिळाली तर मी सक्तीच्या बाजूने मत देईन. एखाद्या रोगासाठी उद्या तसे मत द्यायची वेळ येईलही, आणि तेव्हा ‘स्वातंत्र्य’ म्हणून ओरडणाऱ्यांत मी नसेन.

‘देणे’ हा मोठा शब्द वापरला, तर एक अगदी लहान देणे सांगून थांबतो. हाफकिनच्या लसीने एक-दोन दिवस ताप यायचा, हात भरून यायचा. कोविशिल्डनेही पुष्कळांना यायचा. आम्ही केंद्रावर सांगायचो, ‘ताप आला तर घाबरू नका, लस काम करतेय.’ २०२१ च्या पावसाळ्यात खुरपणीला जाणारी एक बाई डोसनंतर पाचव्या दिवशी माझ्याकडे आली. तक्रार नव्हती, ताप उतरला होता. चार दिवस कामावर जाता आले नव्हते. तिने पदरातून हिशेबाची चिठ्ठी काढली, रोजचे तीनशे, चार दिवसांचे बाराशे, आणि अगदी सरळ आवाजात विचारले, ‘सायेब, हे कुणाकडं मागायचं?’

मी रजिस्टर उघडले. मग बंद केले, आणि तिला पॅरासिटामॉलची आणखी एक पट्टी दिली.